पावलीवरचं साल

मे सरत आला की आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या सेतू केंद्रासमोर दाखल्यांची रांग लागते. जन्माचा दाखला, जातीचा, रहिवासाचा, उत्पन्नाचा. सकाळी सातलाच माणसं प्लास्टिकच्या पिशव्यांत कागद घेऊन उभी असतात. कुणाच्या डोक्यावर ओढणी, कुणाच्या रुमाल. मी गॅलरीत चहा घेऊन बसते, त्या पिशव्यांकडं बघते आणि माझ्या पोटात गोळा येतो. ऐंशीची झाले. मला आता कुठं प्रवेश घ्यायचा नाही, कुठला दाखला काढायचा नाही. तरी येतो. सून म्हणते, "आई, उपाशीपोटी चहा घेऊ नका, ॲसिडिटी होते." मी बरं म्हणते. ॲसिडिटी तर ॲसिडिटी. सत्तर वर्षांची आहे, इतकंच.

मग हात आपोआप गळ्याशी जातो. माझ्या गळ्यात काळ्या गोफात एक पावली आहे. चार आण्यांची, चांदीची, निजामाच्या टाकसाळीतली. आमच्याकडं त्या नाण्यांना हाली म्हणत आणि इंग्रजांच्या नाण्यांना कलदार. हिच्या एका बाजूला चारमिनार होता, दुसऱ्या बाजूला फारसी अक्षरं. होता म्हणायचं, कारण आता दोन्हीकडं काही उरलेलं नाही. परवा नातवानं विचारलं, "आजी, हे कशाचं बटण आहे?" त्यानं मोबाइलवर फोटो काढून मोठा करून पाहिला. मोठं करूनही काहीच नाही दिसलं, म्हणाला.

मी ती चिमटीत धरते आणि अंगठ्यानं घासते. ही खोड आईची. ती काळजीत असली की पावली घासायची, आणि ती काळजीत नसल्याचं मला तरी आठवत नाही. त्या नाण्यावरचं अर्धं साल घामानं गेलं असेल, अर्धं आईच्या अंगठ्यानं.

आईच्या माहेरी, पाचोडच्या बाजूला, त्यांच्या घराण्यात एक रीत होती. मूल जन्मलं की बारशाला मामानं त्याच सालची नवी कोरी पावली आणायची, सोनाराकडून तिला कडी लावून घ्यायची आणि बाळाच्या गळ्यात बांधायची. घरात लिहिणारं कुणी नव्हतं, पाटलाच्या वहीत पोरींची नावं चढत नव्हती. म्हणून साल गळ्यात बांधायचं. पुढं मुलगी हरवली, विकली गेली, नांदायला गेली, तरी तिचं साल तिच्यासोबत. मला ही रीत फार शहाणपणाची वाटते. फक्त ती काढणाऱ्या माणसानं चांदी झिजते हे लक्षात घेतलं नव्हतं.

आई दीड वर्षाची असताना तापाच्या साथीत तिचे आईवडील दोघंही गेले. मामाही त्याच साथीत गेला. चुलत्यानं वाढवलं, म्हणजे जेवू घातलं. तिचं वय किती ते कुणी मोजलं नाही. तिनं एकदा चुलत्याला विचारलं होतं. तो म्हणाला, "लई पाणी पडलं होतं बघ, त्या सालची तू." चुलती आतून ओरडली, "नाय, नाय. पाणी पडलं त्याच्या पुढल्या सालची." एवढ्यावर तो विषय संपला. आई सांगायची आणि हसायची, पण हसताना पावली घासायची.

माझे वडील छावणीत कंपाउंडर होते. त्यांनी आईला लिहायला-वाचायला शिकवलं, सातवीच्या परीक्षेला बसवलं, आणि मी सात वर्षांची असताना ते छातीच्या दुखण्यानं गेले. त्यानंतर आई छावणीच्या बाजारात एका शिंप्याच्या दुकानात लष्करी कपड्यांची काजं-बटणं करायची. खाकी कापडावर खाकी दोरा. संध्याकाळी तिचे डोळे लाल झालेले असायचे. पोलीस ॲक्शनला पाच-सहा वर्षं झाली होती. निजामाचं राज्य गेलं होतं, पण त्याची नाणी अजून लोकांच्या मडक्यांतून बाहेर पडत होती. ती नाणी घेऊन लोक शिंप्याच्या शेजारच्या दुकानात यायचे, वहीदमियाँ घड्याळवाल्यांकडं. ते एका डोळ्याला भिंग लावून बसलेले असत. कुठलं नाणं कुठल्या नवाबाचं, कुठल्या सालचं, खरं की बनावट, ते तिथंच सांगायचे. पैसे घ्यायचे नाहीत. घड्याळ दुरुस्तीचे मात्र सोडायचे नाहीत.

त्या उन्हाळ्यात शहरात बायकांसाठी शिक्षिकांचा ट्रेनिंग वर्ग सुरू होणार अशी बातमी आली. दोन वर्षांचा वर्ग, राहायला वसतिगृह, नंतर नोकरी पक्की. सातवी पास पाहिजे, वय तिसाच्या आत पाहिजे, आणि वयाचा काही ना काही पुरावा पाहिजे. आईनं ती बातमी माझ्याकडून तीनदा वाचून घेतली. तिला स्वतःला वाचता येत होतं, तरी. मग तिनं गोफ गळ्यातून काढला. मी तो तिच्या गळ्यातून उतरलेला पहिल्यांदाच पाहिला. गळ्यावर तेवढ्या जागी कातडी गोरी होती.

वहीदमियाँनी पावली घेतली, उलटी केली, सुलटी केली आणि "हाय हाय" म्हणाले. "बेटी, तू तो इसकू धो के पी गई." आई ओशाळली. ते म्हणाले, "घबरा नक्को. सिक्का मुका नै होता. उसकू बुलवाना पडता." नाण्याला दोन साक्षीदार असतात, त्यांनी सांगितलं. पुढून चारमिनारच्या बाजूला हिजरी सन, मागून नवाब तख्तावर बसल्यापासूनचं वर्ष. एक गेला तर दुसरा बोलतो. पण मागचा साक्षीदार सोनारानं कडी जोडताना डाखाखाली गाडून टाकला होता. राहिला पुढचा.

पुढची सगळी सकाळ मला जशीच्या तशी आठवते. दुकानात बारा-पंधरा घड्याळं टिकटिकत होती, त्यांतली निम्मी चुकीची वेळ दाखवत होती. वहीदमियाँ दाराशी तिरप्या उन्हात पावली धरून कणाकणानं फिरवत होते. ऊन तिरपं असलं की चढ-उतार दिसतो, डोक्यावर आलं की सगळं सपाट. मग त्यांनी नाण्यावर तोंडाची वाफ सोडली. वाफ उडता उडता काही तरी दिसलं, पण मला नाही, त्यांना. मग दिव्याच्या काचेची काजळी बोटानं नाण्यावर चोळून पुसली. "एक," ते म्हणाले. "तीन. चार. आगे का नै दिखता." उर्दूतला शून्य म्हणजे नुसता ठिपका. सगळ्यांत आधी तोच झिजतो. शेवटी त्यांनी शिंप्याकडून कोळशाची इस्त्री मागवली, उलटी करून विटांवर ठेवली आणि तिच्या तळव्यावर पावली ठेवली. ठप्पा बसतो तिथली चांदी आत दबते, वरून झिजली तरी खाली दबलेलीच राहते, आणि तापली की दबलेली चांदी वेगळा रंग धरते, असं ते सांगत होते. आम्ही तिघं डोकी जवळ आणून बघत राहिलो. पावली पिवळसर झाली, मग निळी, आणि तव्यावरच्या भाकरीला डाग पडावेत तसे चार डाग वर आले. एक, तीन, चार आणि ठिपका. पुरते दोन श्वास टिकले असतील.

"तेरा सौ चालीस हिजरी," वहीदमियाँ म्हणाले आणि बोटांवर मोजू लागले. "बत्तीस पूरे. तेहतीस चालू है बेटी."

आई इस्त्रीकडंच बघत होती. "लई झालं की वो चाचा," ती म्हणाली. "तिसाच्या आत पायजे."

"सिक्का जो बोल्या सो बोल्या."

ती पावली गार व्हायची वाट न बघता उचलायला गेली आणि तिची बोटं भाजली. त्या दुपारी तिनं तशाच बोटांनी काजं केली. मला वाटलं, संपलं आता हे. मला खरं सांगायचं तर थोडं बरंही वाटलं होतं. वसतिगृहात मला घेतील की नाही या भीतीनं मी आठवडाभर धड जेवले नव्हते.

पण आई दुसऱ्या दिवशी मला घेऊन त्या कचेरीत गेलीच. "इचारून तर बघू," म्हणाली. "सवलत असंल एखादी." अंगणात लिंबाची दोन झाडं होती आणि त्यांच्या सावलीत फॉर्म भरायला आलेल्या बायका. सगळ्या आईहून लहान. टेबलावर नारायणराव नावाचे कारकून होते. निजामाच्या दफ्तरात पंचवीस वर्षं काढलेला माणूस, डोक्यावर अजून तीच काळी टोपी. आईनं पुरावा म्हणून पावली पुढं केली. सवलतीचं विचारायला ती तोंड उघडणार, तोवर त्यांनी पावली उन्हात धरली. कालची काजळी आकड्यांच्या कडेला अजून होती, आणि शेवटच्या जागी तापवल्याचा पुसट डाग. "तेराशे चाळीस दिसतंय," ते म्हणाले, आणि कागद न घेता पुढं म्हणाले, "अधिक पाचशे नव्वद. एकोणीसशे तीस. म्हंजे चोविसावं चालूय तुमचं. बसताय की तुम्ही."

हे काय झालं ते आजच्या माणसाला सांगावं लागेल. निजामाच्या राज्यात दोन सनं चालत. दफ्तरात फसली, पिकापाण्यावर चालणारं. नाण्यावर हिजरी, चंद्रावर चालणारं. दोन्ही तेराशेच्या घरातली, पण त्यांच्यात नऊ-दहा वर्षांचं अंतर. नारायणरावांनी पंचवीस वर्षं सातबारे, अर्ज, तगाद्याचे कागद फसलीत लिहिले होते. सन दिसलं की त्यांचा हात पाचशे नव्वद मिळवायचा. राज्य गेल्यावर तर दिवसभर तेच काम. पावली काही दफ्तरात छापत नाहीत, हे त्या घटकेला त्यांच्या डोक्यातच आलं नाही. अशी चूक पुण्या-मुंबईच्या कारकुनाकडून झाली नसती, त्याला पाचशे नव्वद ठाऊकच नव्हते.

आईला चूक कळली. मला कळली. मी दहा वर्षांची होते आणि मला वजाबाकी चांगली येत होती. चोविसातून दहा गेले, चौदा. चौदाव्या वर्षीचं मूल म्हटलं की कुणीही आईचं वय पुन्हा मोजलं असतं. आईच्या हाताला घाम सुटला होता, तो मला माझ्या हातावर लागत होता. नारायणरावांनी चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं. "ही कोण?"

आईचे ओठ हलले. काय निघणार होतं त्यांतून, मला माहीत नाही. मी तिचा पदर ओढला आणि म्हणाले, "अक्का, मला पाणी पायजे."

"बहीण व्हय?" नारायणराव म्हणाले.

लिंबावरचा कावळा उडून दुसऱ्या लिंबावर बसला. मग आई म्हणाली, "व्हय."

चूक त्यांची होती, खोटं आमचं. हा हिशेब मी पुढं आयुष्यभर करत आले आणि तो मला कधी धड जमला नाही. मी पाणी मागितलं नसतं तर? आई खरं बोलली असती असं मला अजूनही वाटतं. कधी वाटतं, नसती बोलली. रात्रंदिवस डोळे फोडून काजं करणारी बाई होती ती.

नारायणरावांनी फॉर्म घेतला, पण पेन्सिलीनं कोपऱ्यात काही लिहिलं. "हा शेवटचा ठिपका हाय का डाग, ते पक्कं करावं लागंल. मोठ्या बाई कच्चं चालवून घेत न्हाईत. छावणीतल्या घड्याळवाल्याला बोलावतो, त्याच्यासारखं कोणी वाचत न्हाई. पंधरा दिवसांनी या."

आम्ही बाहेर आलो. ऊन असं होतं की रस्त्यावर कुत्रंही नव्हतं. आई एका दगडावर बसली आणि पदरानं तोंड पुसत राहिली. वहीदमियाँ. ज्या एका माणसाला खरं ठाऊक होतं, त्यालाच बोलावणार होते.

ते पंधरा दिवस म्हणजे माझ्या लेखी तो सगळा उन्हाळा. बाकीचा उन्हाळा आठवतच नाही. मृग लागून गेला होता, पाऊस नव्हता. दुपारी काळं व्हायचं, वावटळ यायची, खाकी धूळ घरभर बसायची आणि आभाळ पुन्हा पांढरं. छावणीतला बिगुल वाजला तरी मी दचकायचे. आई वहीदमियाँच्या दुकानासमोरून मान खाली घालून जायची. मी म्हटलं, "आपण जाऊन सांगू ना चाचांना." ती म्हणाली, "काय सांगावं? खोटं बोला म्हणून? पाच टाइम नमाज पढणारं माणूस ते." मग थोड्या वेळानं, "नाय बोलणार ते खोटं. आणि बोलले तर मला लई वाईट वाटंल."

ती पावली घासत होती. उठता-बसता, चुलीपाशी, काजं करताना मधेच. मला भीती वाटायची की त्या पंधरा दिवसांत ठिपका पार निघून जाईल. मी म्हणायचे, "घासू नको." ती हात काढायची. घटकेनं परत तेच. ठिपका गेला तर पुरावाच गेला, ठिपका राहिला तर वहीदमियाँ बोलणार. मला यातलं काय व्हायला हवं होतं, तेही मला ठरवता येत नव्हतं.

आणि आम्ही सराव करत होतो. आई म्हणाली होती, आजपासून घरातही अक्का म्हणायचं, म्हणजे चारचौघांत चुकायची नाहीस. आधी मला गंमत वाटली. मी दिवसातून पन्नास वेळा अक्का अक्का करायचे. एक दिवस ती कांदा चिरत होती आणि पाठमोरीच हाक मारली, "शकू!" मी म्हणाले, "काय आई?" तिनं विळी बाजूला ठेवली, वळली आणि माझ्या पाठीत धपाटा घातला. जोरात. मग मला पोटाशी धरून रडली. कांद्याचा वास, धुळीचा वास, तिच्या गळ्यातली पावली माझ्या कपाळाला टोचत होती. "म्हण," ती म्हणत होती, "अक्का म्हण, माझी बाय ती."

सोळाव्या दिवशी मोठ्या बाईंच्या खोलीत आम्ही उभ्या होतो. मोठ्या बाई म्हणजे त्या वर्गाच्या प्रमुख, पांढरं लुगडं, हातात घड्याळ. नारायणराव बाजूला. वहीदमियाँ शेरवानी घालून आले होते. मी त्यांना शेरवानीत कधी पाहिलं नव्हतं, आणि का कोण जाणे, त्या शेरवानीनं माझा धीर सुटला. त्यांनी आमच्याकडं पाहिलं आणि ओळख दाखवली नाही.

शिपायानं चहाची शेगडी आणली, वर लोखंडी पळी ठेवली. पावली पळीत. पिवळी, मग निळी. मी नाण्याकडं बघतच नव्हते, मी वहीदमियाँच्या तोंडाकडं बघत होते. त्यांच्या मिशीवर घाम होता.

"एक," ते म्हणाले. "तीन. चार." थांबले. वाकून पळीच्या अगदी जवळ गेले. "और सिफर."

"नक्की?" मोठ्या बाई म्हणाल्या. "डाग नाही ना?"

"नक्की. ठिपका है. ठप्पे का है."

"म्हणजे तेराशे चाळीस."

"हौ. तेरा सौ चालीस."

नारायणरावांनी पाचशे नव्वद मिळवले. मोठ्या बाईंनी लिहिलं. निबेचा आवाज येत होता. वहीदमियाँ तिथंच उभे होते, हात मागं बांधून. आता बोलतील, मी मनात म्हणत होते, आता बोलतील. बाईंनी टीपकागद दाबला, कागद सहीसाठी वहीदमियाँपुढं सरकवला. त्यांनी उर्दूत सही केली, पावली फडक्यात गुंडाळून आईला दिली, सलाम केला आणि गेले.

आई त्यांच्यामागं जवळजवळ पळतच फाटकाबाहेर गेली. "चाचा," एवढंच म्हणाली.

"मेरेकू आकडा पूछे, मैं आकडा बोल्या," वहीदमियाँ म्हणाले. "सन कौनसा, वो पूछते तो वो भी बोलता. झूट नै बोलता था बेटी, तेरे वास्ते भी नै." त्यांनी टोपी काढून डोकं पुसलं. "अल्ला का शुकर, नै पूछे."

मग ते माझ्याकडं वळले. "अब इनकू क्या बोलती तू?"

"अक्का," मी म्हणाले.

त्यांनी टोपी परत डोक्यावर घातली. "मेरी दुकान में अम्मा बोलना. वहाँ कोई नै सुनता, घड्याळं सुनतीं."

आणि मी जायचे. दोन वर्षं वसतिगृहात मी 'गिरिजाबाईंची धाकटी बहीण' होते. माझं नाव शाळेत नव्यानं घातलं, मागं वडिलांच्या जागी आईच्या वडिलांचं नाव लावून. ज्या माणसानं मला खांद्यावर बसवून परेड दाखवली, त्यांचं नाव माझ्यामागून गेलं आणि मी न पाहिलेल्या माणसाचं लागलं. वसतिगृहातल्या मुली आईला म्हणायच्या, "बहिणीचा किती लळा गं तुला." रविवारी आम्ही दोघी घड्याळाचा पट्टा तुटला, काच बसवायची, असं काहीतरी निमित्त काढून छावणीत जायचो. आमच्याकडं घड्याळ नव्हतं. वहीदमियाँ डोळ्याचं भिंग न काढता म्हणायचे, "बोल लो, बोल लो." मी आईच्या मांडीवर डोकं ठेवून आई आई म्हणायचे आणि ती नुसतं "हां, हां" करायची. एका हातानं माझे केस, दुसऱ्या हातात पावली.

मी एम.ए.ला असताना वहीदमियाँ वारले. त्यानंतर तो शब्द बोलायला जागाच उरली नाही. घरात दोघीच असलो तरी तोंडातून अक्काच निघायचं. सवय लागली, असं म्हणतात. मला ते तेवढं साधं वाटत नाही.

आईची पहिली नेमणूक बिडकीनला झाली, मग कुठं कुठं, शेवटी पुन्हा शहरात. प्रत्येक बदलीला सर्व्हिस बुक नव्या हेडमास्तरांच्या टेबलावर जायचं आणि आम्हा दोघींना ताप भरायचा. पाचोडकडचा कुणी माणूस बाजारात दिसला तर आई रस्ता बदलायची. तिच्या वर्गात मी शिकले. हजेरी घेताना ती माझं नाव घ्यायची आणि मी "हजर, बाई" म्हणायचे. ते तरी सरळ होतं, सगळीच मुलं बाई म्हणत होती. लग्नाआधी मी आमच्या ह्यांना एकट्यांना खरं सांगितलं. ते म्हणाले, "मग मी त्यांना काय म्हणू?" मी म्हटलं, अक्काच म्हणा.

नारायणरावांनी नजरचुकीनं दिलेली नऊ वर्षं आईनं दुसऱ्या टोकाला भरली. कागदावर अठ्ठावन्न होईतो ती सदुसष्ट वर्षांची झाली होती. गुडघे गेले होते. फळ्याशी उभं राहायची, खुर्चीवर बसायची नाही. मी म्हणायचे, राजीनामा दे, स्वेच्छेनं नीघ. ती म्हणायची, "नाय. फुकटात मिळालेलं नकं मला." निरोपाच्या दिवशी एका तरुण शिक्षिकेनं भाषणात सांगितलं की गिरिजाबाई वयाच्या मानानं जरा लवकर थकल्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आईनं पावली घासली.

शेवटच्या दुखण्यात तिला इथल्याच एका दवाखान्यात ठेवलं होतं. तेव्हाही उन्हाळाच होता. कॅज्युअल्टीत फॉर्म भरताना माझ्या हातानं आपोआप लिहिलं : वय, आधारकार्डावरचं. पेशंटशी नातं, बहीण. माझे स्वतःचे केस पांढरे झाले होते आणि पोटात तोच गोळा होता. कुणी विचारलं तर?

चौथ्या दिवशी संध्याकाळी मी तिच्या उशाशी बसले होते. पाणी पाजताना म्हणाले, "अक्का, एक घोट घे." तिनं डोळे उघडले. बराच वेळ माझ्याकडं पाहत राहिली. मग अगदी हळू म्हणाली, "आता कोण बसलंय गं ऐकायला? आई म्हण की."

मी आधी दाराकडं पाहिलं. या गोष्टीची मला अजून लाज वाटते. तिच्याकडं बघायच्या आधी मी दाराकडं पाहिलं.

"आई," मी म्हणाले. तो शब्द इतका कोरडा निघाला की मलाच ओळखू आला नाही. पुन्हा म्हणाले. "आई, पाणी घे."

आणि दारात नर्स उभी होती, हातात फाईल घेऊन. विशी-बाविशीतली पोर. "पेशंट आई आहेत तुमच्या?" ती म्हणाली. "इथं बहीण लिहिलंय."

मी पेला खाली ठेवला. "चुकून लिहिलं," मी म्हणाले.

"होतं हो गडबडीत," ती म्हणाली. खिशातून पेन काढलं, बहीण खोडलं, वर आई लिहिलं. तेवढंच. दोन सेकंद लागले असतील. मग फाईलवर नजर ठेवूनच तिनं विचारलं, "वय बरोबर आहे ना?"

मी काही बोलायच्या आत आई बोलली. स्पष्ट, वर्गात बोलायची तशी. "नऊ मिळव त्यात, पोरी."

नर्स हसली. "आजी, वय वाढवून कोण सांगतं का!" म्हणाली, सलाइनचा थेंब बघितला आणि पुढच्या खाटेकडं गेली. फाईलमध्ये काही लिहिलं नाही.

आईचा हात गळ्याशी गेला आणि पावलीवर नुसता राहिला. घासला नाही.

"इचारलं बघ," ती म्हणाली. "इचारलं शेवटी कुणीतरी."